बार्शीटाकळीच्या चढणीवरची ठकठक

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अंगाला, दुर्गाबाईचं दोन खोल्यांचं घर होतं आणि घराला लागून टिनाचा कोठा. लोकांच्या कोठ्यात म्हैस असते, हिच्या कोठ्यात मोटार होती. लढाईच्या आधीची, उंच टपाची, काळी डॉज. तिचा नवरा जानराव त्या मोटारीतून अकोल्याहून बार्शीटाकळीला, कधी तेल्हाऱ्याला सवाऱ्या न्यायचा. सवाऱ्या आत, सवाऱ्या बाहेरच्या पायरीवर, आणि एखादं बकरू कोणाच्या तरी मांडीवर.

म्हैस निदान खाल्लेलं दुधातून परत देते, असं दुर्गाबाई म्हणायची. हे काळं जनावर पेट्रोल पिऊन नुसता धूर देतं. पण जानरावाचा सगळा जीव त्यात. आणि पेट्रोलच्या बाबतीत तो सोवळ्यातल्या बाईसारखा. आणलेल्या पेट्रोलचा थेंब तळहातावर घेऊन फुंकर घालायचा. हात गार पडून चटकन कोरडा झाला तर माल चोख. तेलकट राहिला तर त्यात रॉकेल, म्हणजे डबा परत. टाकीत ओतायचं तेही मऊ कातड्यातून गाळून, कारण कातड्यात पाणी अडकून राहतं आणि पेट्रोल तेवढं खाली जातं. "माह्या घरात दूध इतकं गाळल्या जात नाई," असं दुर्गाबाई म्हणायची. त्यावर जानराव "हूं" म्हणायचा. तो बहुतेक गोष्टींवर "हूं"च म्हणायचा.

त्या रस्त्यावरचे बाकीचे ड्रायव्हर पेट्रोलात सर्रास रॉकेल मिसळायचे. ते स्वस्त पडे. त्यांच्या गाड्यांचं काय होतं हे जानरावानं बायकोला एकदा नीट समजावून सांगितलं होतं. तिनं ते ऐकलं, पण बायका नवऱ्याचं असलं बोलणं ऐकतात तसं, फोडणी घालता घालता.

अठ्ठावन्न सालचा दसरा. सकाळी तेल्हाऱ्याची फेरी करून जानराव परतला तो मोटार वाटभर खोकत आलेली. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला होता. सणाच्या दिवशी खोकणारी मोटार पूजेला कशी लावायची, म्हणून त्यानं कोठ्यातच काम काढलं. वारं सुटलं होतं. धूळ आत यायला नको म्हणून दार लोटून घेतलं, फटीपुरतं उघडं ठेवलं. घमेल्यात पेट्रोल ओतलं आणि सुटे भाग त्यात धुवायला बसला. पेट्रोलचं इतकं सोवळं पाळणारा माणूस, पण धुवायलाही पेट्रोलच घ्यायचा. त्या वेळी सगळेच घ्यायचे. मळ लवकर सुटतो ना.

"झालं का मी हाक मारतो," असं त्यानं बायकोला सांगितलं होतं. "मंग आरती आन."

हाक काही येईना. शेजारच्या चतुराबाईनं भिंतीवरून डोकं काढलं.

"काहून वो, तुमची पूजा नाई झाली अजून? आमची सायकल, शिवन्याची मशीन, अडकित्ता, सारं पुजून झालं."

"मोटार हाये, बाई. अडकित्त्यासारखी खिशात नाई मावत," दुर्गाबाई म्हणाली खरी, पण ते तिला लागलं. तिनं ताट उचललं. ताटात झेंडू, आपट्याची पानं, कुंकू, नारळ आणि मधोमध पेटता कापूर. कोठ्याच्या दाराशी आली आणि डोईवरचा पदर घसरला. पदर सावरायचा तर हात मोकळा पाहिजे. तिनं ताट उंबऱ्याशी जमिनीवर ठेवलं.

पेट्रोलचा वास आपल्या नाकाला लागतो म्हणून आपल्याला वाटतं, तो वर हवेत जातो. तसं नसतं. तो जड असतो. जमिनीवरून सरपटत येतो आणि उंबऱ्याशी साचून राहतो. दुर्गाबाईनं पाहिलं ते एवढंच, की ताटातली ज्योत निळी झाली, खाली उतरली आणि पाण्यासारखी आत वाहत गेली. धावली नाही, वाहिली. आत जानरावानं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि ओरडला:

"अक्कल हाये का तुले! मांगं सरक!"

मग घमेलं पेटलं.

दुर्गाबाईच्या पदराचा नुसता काठ जळाला. लोकांनी रेती टाकली, मोटार ढकलत बाहेर काढली. बोनेटचा डाव्या अंगाचा रंग पापड फुगावा तसा फुगून आला होता, बाकी तिला काही झालं नव्हतं. जानरावाला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं तो होता तेवढे दिवस डोळे मिटून पडून होता. दुर्गाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून राहिली. एका शब्दानंही तो तिच्याशी बोलला नाही. त्याला बोलवत नव्हतं, की बोलायचं नव्हतं, हे तिला कळेना. दिवाळीचे दिवे लागायच्या आधी तो गेला.

इतक्या वर्षांच्या संसारात, हूं हूं करत का होईना, माणूस पुष्कळ बोलला असेल. पण दुर्गाबाईपाशी शिल्लक राहिलं ते शेवटचं. अक्कल हाये का तुले. तो आपल्याला दोष देत गेला का, एवढंच तिला कळायला हवं होतं. आणि सांगणारा तर निघून गेला होता.

संध्याकाळी ऊन उतरलं की कोठ्याचे टिन थंड होताना वाजायचे. टक. मग थांबून, टक टक. ते पूर्वीही वाजत असणार, वऱ्हाडच्या उन्हात तापलेलं कोणतं टिन वाजत नाही? पण आता ती हातातलं काम टाकून उभी राहायची आणि पुढच्या आवाजाची वाट पाहायची.

मोटार चालवायला जानरावाचा धाकटा भाऊ शेषराव आला. बार्शीटाकळीला वावर होतं, शेती करत होता, ते वावर चुलतभावांच्या हाती दिलं. हाताला कसब असलेला माणूस, पण मनाचा भित्रा आणि अतिशय भाविक. मोटार सुरू करण्याआधी तिला हात जोडायचा, थांबवल्यावर हात जोडायचा. मधल्या वेळात दोन्ही हात चाकावर असायचे, ही सवाऱ्यांची पुण्याई. वाटेवरच्या ड्रायव्हरांनी त्याला त्यांचं शहाणपण शिकवलं आणि तोही पेट्रोलात रॉकेल घालू लागला.

उन्हाळा लागता लागता एकदा दुर्गाबाई त्याच्याशेजारी बसून सासरच्या गावी निघाली होती. मागे सवाऱ्या ठासून भरलेल्या. बार्शीटाकळीच्या अलीकडे एक लांब चढण आहे. मोटार चढणीला लागली आणि बोनेटच्या आतून कोणीतरी ठोकू लागलं. ठक ठक ठक ठक. बोटाच्या पेरांनी दार वाजवावं तसं.

मागच्या सीटवर तेल्हाऱ्याचे एक कापसाचे दलाल होते. ते पुढे वाकले. "कोन ठोकून राहिलं, शेषराव?"

"इंजिन हाये, शेठ."

"इंजिन धडधड करते. हे तं मानूस दार वाजवते तसं वाजून राहिलं."

चढण संपली, ठोकणं थांबलं. बार्शीटाकळीच्या वेशीपाशी शेषरावानं गाडी उभी केली आणि चावी काढली. चावी हातात, आणि इंजिन चालूच. गचका देत, थरथरत, धड, धड, जणू कोणी आतून म्हणत होतं की मी अजून उतरलो नाही. मग एक मोठा उसासा टाकून ते थांबलं. शेषराव हातातल्या चावीकडे पाहत राहिला. सवाऱ्या सुटे पैसे परत न मागता उतरल्या. बार्शीटाकळीत हे पहिल्यांदाच घडलं असावं.

आठवडाभरात अकोल्याच्या स्टँडवर सगळ्यांना माहीत झालं, की जानराव बोनेटात बसलेला आहे. माणसं चालत जाऊ म्हणायची पण डॉजमध्ये बसायची नाहीत. बसली तरी मागे बसायची, आणि चढण आली की पायरीवरचे उतरून पायी चढायचे. त्यानं ओझं कमी होऊन ठोकणंही कमी व्हायचं, म्हणजे लोकांना खात्रीच पटायची, की आपण उतरलो म्हणून जानराव शांत झाला.

भीत नव्हती ती एकटी दुर्गाबाई. त्या दिवशी रात्री ती कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली. तो गेलेला नाही, इथंच आहे, एवढ्यानंच तिला भूक लागली. मग काही ना काही निमित्त काढून ती फेरीला निघू लागली. आज नणंदेला डाळ द्यायची, उद्या नणंदेचा डबा परत आणायचा. चढण आली की पदर तोंडावर ओढायची आणि पदराआड विचारायची, रागावले का माह्यावर?

ठक ठक ठक.

म्यां हाकेची वाट नाई पाह्यली म्हनून?

ठक ठक.

पण बरे आहात का विचारलं तरी ठक, आणि पाणी हवं का विचारलं तरी ठक. जिवंतपणी हूं म्हणायचा तेही असंच. हो की नाही हे तेव्हाही आपलं आपणच ठरवावं लागायचं. आणि दुर्गाबाई ठरवायची ते दर वेळी एकच: हो, रागावला आहे.

एकदा कारंज्याकडची भजनी मंडळी गुरुकुंज मोझरीला जायला निघाली. ती परगावची, त्यांना मोटारीची कीर्ती ठाऊक नव्हती. दुर्गाबाईही बरोबर गेली. परतताना अमरावतीत शेषरावानं मोटार पुंजाजी मिस्त्रीकडे नेली. पुंजाजी आणि जानराव एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. छप्पन सालापासून पुंजाजी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा आणि मोटारीपुढे नारळ फोडणाऱ्यांची आपली थट्टा करायचा. जानरावाचं झालं तेव्हा मात्र खांदा द्यायला तो अमरावतीहून आला होता.

त्यानं इंजिन सुरू करायला लावलं, बंद करायला लावलं, आणि बंद होऊनही ते गचके देत राहिलं तेव्हा त्याच्या कपाळावर आठी पडली. बिडी विझवून दूर टाकली. टाकीतलं थोडं काडीनं काढून कागदाच्या तुकड्यावर टिपलं आणि तो कागद अंगणात उन्हात धरला. वाळला, तरी मधे तेलकट डाग तसाच.

"रॉकेल कोनं टाकलं?"

"सारेच टाकतात, पुंजाजीभाऊ."

"अरे, पेट्रोल ठिनगी पडल्यावर पेटलं पायजे. हे मिसळेल माल वाट नाई पाहत. चढावर इंजिनावर जोर आला, आत गरमी झाली, का ठिनगी पडल्यावर नीट जळत जाण्याऐवजी उरलेलं आपलं आपनच भडकते. पिस्टनवर घन घातल्यासारखा दणका बसते. तेच ठोकते. अन् आत काजळी बसली हाये, ते लाल होते. चावी काढली तरी हे तिच्यावर पेटत राह्यते. भुताखेताचं काई नाई त्याच्यात."

वाट नाई पाहत, हे ऐकून दुर्गाबाईनं मान खाली घातली.

"मंग दादा?" शेषरावानं हळूच विचारलं.

"जानराव काहून बोनेटात बसीन? त्याले गरमी सोसत नव्हती. उन्हाळ्यात आमी दोघं उस्तादाच्या माठाले टेकून झोपायचो." पुंजाजी हसला आणि बोलण्याच्या भरात पुढं बोलून गेला, "रॉकेल धुवाले असते बापा, अन् पेट्रोल जाळाले. तुमचं घरच उलटं. त्यानं पेट्रोलानं धुतलं अन् तू रॉकेल जाळून राहिला."

मग त्याला दुर्गाबाई दिसली. दिवसभर मान वर न करता त्यानं काम केलं. मोटार झाडाखाली मोकळ्यात घेतली, बॅटरीची तार सोडली, चाकांना दगड लावले, टाकी झाकणाच्या डब्यात रिती केली, इंजिनाची काजळी खरवडली. सुटे भाग धुतले ते रॉकेलनं, चुलीपासून लांब. निघताना दुर्गाबाईला म्हणाला, "वहिनी, आता नाई ठोकनार." त्याला वाटलं, आपण चांगली बातमी देतो आहोत.

दुसऱ्या दिवशी मोटार सवाऱ्या घेऊन चढणीला लागली. दुर्गाबाईनं पदर ओढला, विचारलं. काही नाही. इंजिन एका सुरात, पोथी वाचल्यासारखं चालत राहिलं. चढण सरली. बार्शीटाकळीला शेषरावानं चावी काढली आणि मोटार लगेच, आज्ञाधारक मुलीसारखी गप्प झाली.

सवाऱ्या परत येऊ लागल्या. शेषराव खुशीत. आणि दुर्गाबाईच्या ताटातली भाकरी पुन्हा अर्धी उरू लागली. आधी एकदा गेला होता, तो दवाखान्यातून. आता दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी त्याला पुंजाजीनं खरवडून काढला होता.

पुंजाजीचं बोलणं तिला समजलं नव्हतं असं नाही. चांगलं समजलं होतं. पण देवळातली घंटा तांबटानं ओतलेली असते हे कोणाला माहीत नसतं? म्हणून काय लोक ती वाजवायची सोडतात?

एका दुपारी शेषराव जेवून आडवा झाला तेव्हा तिनं स्टोव्हच्या रॉकेलची बाटली पदराआड घेतली, कोठ्यात गेली, टाकीचं झाकण काढलं आणि ओतली.

चढणीवर पहिली ठकठक ऐकू आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारी शेषरावाच्या तोंडचं पाणी पळालं. आता तो पेट्रोल पाहून घ्यायचा, कागदावर टिपून उन्हात धरायचा, कातड्यातून गाळायचा, अगदी भावासारखा. माल चोख. आणि तरी कोणीतरी ठोकत होतं. आधी निदान शंका होती. आता पुंजाजीनं सांगितलेलं कारणही उरलं नव्हतं.

"वहिनी," तो जेवताना म्हणाला, "आता तं पेट्रोल चोख हाये. मंग ठोकून कोन राहिलं?"

दुर्गाबाई वरण ढवळत राहिली. "मीठ पाह्यजा. कमी असीन तं सांगा."

"मी वावरात जातो वापस. तिथं कोनी ठोकत नाई. बैल ठोकत नाई का नांगर ठोकत नाई."

"अन् गाडी?"

"दादाची गाडी हाये. दादाले चालवू द्या."

तो गेला तर मोटार कोठ्यात उभी राहणार, चूलही थंड होणार, हे तिला दिसत होतं. शिवाय पुंजाजीनं सांगितलं होतं, की असं ठोकत राहिलं तर एक दिवस भरल्या गाडीत चढणीवरच पिस्टन फुटेल. उद्यापासून ओतायचं नाही, असं ती रोज ठरवायची. आणि उद्या दुपारी शेषराव घोरू लागला की तिचा हात बाटलीकडे जायचा. एकदाच आणखी विचारू. या वेळी कदाचित वेगळं वाजेल.

असं करत करत पितृपक्ष आला. वर्ष भरत आलं. सर्वपित्री अमावस्येला पान वाढून झालं, कावळा जेवून गेला. दुसऱ्या दिवशीची फेरी होती म्हणून शेषरावानं सकाळीच टाकी भरून आणली होती. दुपारी तो बाहेर गेलेला पाहून दुर्गाबाई कोठ्यात शिरली. टाकी काठोकाठ. रॉकेल ओतायला जागा नाही. जानराव करायचा तसं तिनं रबरी नळी टाकीत घातली, दुसऱ्या टोकानं ओढ दिली, तोंडात आलेलं थुंकलं आणि धार घमेल्यात सोडली. कोणी पाहू नये म्हणून दार लोटून घेतलं होतं, फटीपुरतं उघडं ठेवून.

आपण काय मांडून बसलो आहोत, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तेच घमेलं, तेच लोटलेलं दार, तोच जमिनीलगत साचणारा वास.

शेषराव गेला होता तो चतुराबाईकडे. तिनं त्याला उपाय सांगितला होता: अमावस्येला मोटारीच्या पोटाखाली लोबान आणि लाल मिरच्यांची धुनी द्यायची, आणि म्हणायचं, दादा, झालं तेवढं झालं, आता जा. वहिनीला सांगितलं तर तिला वाईट वाटेल म्हणून तो न सांगताच करणार होता. चतुराबाईच्याच चुलीतले निखारे धुपाटण्यात घेऊन, फुंकर घालत, तो कोठ्याच्या दाराशी आला.

आत दुर्गाबाईला आधी लोबानाचा वास आला. तिनं मान वर केली. दाराच्या फटीत शेषराव उभा होता, हातात लालभडक निखारे. त्याच्यामागे ऊन होतं, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. मोटारीपुढे आला की हात जोडायची त्याची सवय. हात जोडायचे तर ते मोकळे पाहिजेत. तो धुपाटणं उंबऱ्याशी ठेवायला वाकला.

"अक्कल हाये का तुले! मांगं सरक!"

हे आपल्याच तोंडून निघालं हे दुर्गाबाईला नंतर कळलं. तिनं शेषरावाला आयुष्यात कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तो इतका दचकला की धुपाटण्यासकट अंगणाच्या पार पलीकडे जाऊन पडला. निखारे धुळीत सांडले, एक त्याच्या पायावर पडला. तो उठला आणि, खरोखर वहिनी ओरडली की तिच्या अंगातून दादा, हे न कळून तिथंच उभा राहिला.

"तिथंच राहा," ती आतून म्हणाली, आता हळू. "निखाऱ्यावर माती टाका. पानी नका टाकू, ठिनग्या उडतीन. माती."

तो माती टाकू लागला. तिनं नळी काढली, टाकीचं झाकण लावलं, घमेल्यावर परात पालथी घातली, दार सताड उघडलं. मग कोठ्याच्या मधोमध, जिथं जानराव बसला होता तिथंच, ती उभी राहिली. तिथून दार कसं दिसतं हे तिनं यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. दारातला माणूस तिथून लहान दिसत होता. फार लहान, आणि त्याला काहीही कळलेलं नसतं.

तिनं आपल्या मनात राग शोधून पाहिला. शेषरावाचा राग, त्याच्या धुनीचा, त्या हात जोडण्याचा. एवढ्या जोरात ओरडली, तर कुठे तरी असायला हवा होता. तो नव्हता. होती ती एकच गोष्ट: यानं मागं व्हावं. दुसरं काही सुचायलाच जागा नव्हती. ती मोटारीच्या चाकाला टेकून खाली बसली आणि वर्षभर रडली नव्हती तशी रडली.

बऱ्याच वेळानं शेषराव उंबऱ्यापाशी आला. आत आला नाही.

"वहिनी, तुमी मले अरे-तुरे केलं."

"केलं."

"बरं केलं. पन हे घमेलं काहून?"

"मीच टाकत होती रॉकेल. रोज दुपारी. स्टोव्हचं."

शेषराव उंबऱ्यावर बसला. पायाला फोड आला होता, त्यावर फुंकर घालत राहिला. "म्हंजे दादा नाई?"

"तुमचे दादा नाई त्याच्यात. कधीच नव्हते."

"मले सांगतलं असतं," तो पुष्कळ विचार करून म्हणाला, "तं मीच टाकलं असतं, वहिनी. निदान भ्यालो नसतो."

दुसऱ्या दिवशी मोटार अंगणात ढकलून टाकी रिती केली, चोख पेट्रोल गाळून भरलं. दुर्गाबाई पुढे बसली. चढण आली. तिनं पदर ओढला नाही. इंजिन आपल्या सुरात वर चढत गेलं, वाऱ्याखेरीज काही वाजलं नाही. माथ्यावर आल्यावर ती म्हणाली, "गेले."

"कोन?"

"कोनी नाई. समोर पाहा, म्हैस येऊन राहिली."

दसऱ्याला मोटार कोठ्यात नव्हती. अंगणात मधोमध, वाऱ्यावर उभी होती. धुतलेली, बोनेट लावलेलं, पेट्रोलचे डबे घराच्या दुसऱ्या टोकाला, रेतीची बादली जवळ. काम आदल्या दिवशीच आटोपलेलं, आणि धुतलेलं सगळं रॉकेलनं. दुर्गाबाई ताट घेऊन आली. ताटात झेंडू, आपट्याची पानं, कुंकू. कापराच्या जागी एक मोठं झेंडूचं फूल. तेच तिनं ओवाळलं.

चतुराबाईचं डोकं भिंतीवर आलंच. "अवो, बिनदिव्याची आरती कुठी असते का? अन् सवाष्न कोनी नाई का तुमच्याकडं, ओवाळाले?"

"दिवाच नाई तं सवाष्न कशाले पायजे, बाई? फूल कोनीबी ओवाळते."

स्टँडवरचे ड्रायव्हर हसले. फुलाची आरती म्हणून नाव पाडलं. पण पुढच्या दसऱ्याला त्यातल्याच एकानं शेषरावाला आडोशाला घेऊन विचारलं, की ते फूल झेंडूचंच लागतं का. मग आणखी दोघांनी. दुर्गाबाई स्टँडवर दिसली की ड्रायव्हर बिड्या लपवू लागले. सासूपुढे लपवाव्या तशा. कोणी गाडीजवळ काडी ओढली, कोठ्यात दार लावून इंजिन सुरू ठेवलं, की ती ओरडायची, आणि तिच्या तोंडचं वाक्य एकच असायचं. अकोल्याच्या त्या स्टँडवर ते पुढं सगळ्यांच्या तोंडी बसलं. कोणाला त्याचा राग येत नसे.

डॉज पुढे बरीच वर्षं चालली. बोनेटचा फुगलेला रंग दुर्गाबाईनं कधी काढू दिला नाही.

आणि संध्याकाळी ऊन उतरलं की कोठ्याचे टिन थंड होताना वाजायचे. टक. मग थांबून, टक टक. दुर्गाबाई हातातलं काम आता टाकत नसे. भाकरी थापता थापता, तव्याकडे पाहतच म्हणायची:

"हो. मांगंच हाये मी."